सम्राट अशोकांचा चेहरा कोणी पाहिला?

अशोक विजयादशमी जवळ आली की वस्त्यावस्त्यांमधले फ्लेक्स बदलतात. बाबासाहेबांचा फोटो, तथागतांची मूर्ती आणि त्यांच्या शेजारी सम्राट अशोक. बाबासाहेबांचा चेहरा कॅमेऱ्याने टिपलेला आहे. तो चुकला तर लहान पोरही सांगेल. अशोकांचा चेहरा मात्र दर वर्षी नवा असतो. कधी टीव्ही मालिकेतला नट, कधी २००१ च्या हिंदी सिनेमातला लांब केसांचा राजपुत्र, आणि आता मोबाइलवर दोन ओळी टाइप करून मिळवलेला, दंड फुगलेला, चिलखत घातलेला, तलवार उगारलेला योद्धा. आपल्या पोरांचा हेतू चांगलाच असतो. आपल्या परंपरेत एवढा मोठा राजा होऊन गेला हे त्यांना चार लोकांना दाखवायचे असते. पण हा माणूस ज्या कारणाने मोठा झाला, तेच नेमके या चित्रातून गळून पडते.

सरळ सांगायचे तर अशोकांना समोर बसवून काढलेले एकही चित्र किंवा शिल्प आज आपल्याकडे नाही. त्यांच्या काळातल्या नाण्यांवरही चेहरा नाही. मौर्यकाळातली चांदीची आहत नाणी पाहा. त्यांवर सूर्य, टेकडी, झाड, हत्ती अशी चिन्हे ठोकलेली असतात, राजा कुठेच नसतो. गंमत म्हणजे अशोकांनी आपल्या तेराव्या शिलालेखात ज्या ग्रीक राजांची नावे कोरून ठेवली, त्यांतल्या सीरियाच्या अँटिओकस आणि इजिप्तच्या टॉलेमी या दोघांचे चेहरे नाण्यांवर आजही दिसतात. नाक, हनुवटी, केसांची वळणे, सगळे. त्यांची नावे दगडावर कोरणाऱ्या आपल्या सम्राटाने स्वतःचा चेहरा मात्र कुठेही कोरून घेतला नाही. शब्द कोरले, आणि तेही शाहबाजगढीपासून सोपाऱ्यापर्यंत, कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत. म्हणजे ज्याला अशोकांचे चित्र काढायचे आहे त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत: हे लेख, आणि नंतरच्या लोकांनी सांगितलेल्या कथा.

कथा आधी घेऊ, कारण बहुतेक चित्रे तिथूनच येतात.

अशोक हे चंद्रगुप्त मौर्यांचे नातू आणि बिंदुसारांचे पुत्र. संस्कृतातल्या अशोकावदान या ग्रंथात त्यांच्या रूपाबद्दल एक गोष्ट येते, ती फ्लेक्सवाल्यांना आवडणार नाही. त्यानुसार त्यांची त्वचा खरखरीत होती, अंगाला हात लावावासा वाटत नसे, आणि म्हणून वडिलांचे त्यांच्यावर प्रेम नव्हते. हा ग्रंथ अशोकांनंतर चार-पाचशे वर्षांनी आकाराला आला, त्यामुळे त्यात किती तथ्य आहे ते सांगणे अवघड आहे. तरी एक विचार मनात येतोच. बौद्ध परंपरेने आपला सर्वांत मोठा राजा सुंदर होता असे सांगायची गरज मानली नाही. देखणेपणाचा हट्ट आपला आहे, त्यांचा नव्हता.

श्रीलंकेतल्या दीपवंस आणि महावंस या पाली ग्रंथांत वेगळी गोष्ट आहे. तरुण अशोक उज्जैनला राज्यपाल म्हणून जातात, वाटेत विदिशेला देवी नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी त्यांचा संबंध जुळतो, आणि त्यांना महिंद व संघमित्ता ही मुले होतात. पुढे हीच दोघे श्रीलंकेत धम्म घेऊन गेली. याच ग्रंथांत अशोकांनी सत्तेसाठी आपल्या ९९ भावांना मारल्याचेही सांगितले आहे. ही गोष्ट अजूनही बिनदिक्कत पुढे ढकलली जाते. पण अशोकांच्या पाचव्या शिलालेखात राज्याभिषेकानंतर तेराव्या वर्षी नेमलेल्या धम्ममहामात्रांची कामे सांगितली आहेत, आणि ते अधिकारी सम्राटाच्या भावाबहिणींच्या घरांमध्येही काम पाहतात असे तिथे स्पष्ट आहे. भाऊ सगळे मारले असते तर ही घरे कुणाची? धम्माकडे वळण्यापूर्वीचे अशोक जितके काळेकुट्ट रंगवावेत तितका धम्माचा प्रभाव मोठा दिसतो, म्हणून कथाकारांनी रंग गडद केला असावा. चंड अशोक ही प्रतिमा अशीच तयार झाली. तलवारीचे चित्र काढणारे आपले तरुण नकळत तिलाच पुढे नेत आहेत.

आता लेखांकडे येऊ. इथे माणूस स्वतः बोलतो.

बिंदुसारांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास अशोकांचा राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी कलिंगचे युद्ध झाले. दीड लाख माणसे पकडून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पटीने अधिक नंतर मेली, हे आकडे कलिंगच्या कुण्या शत्रूने दिलेले नाहीत. जिंकलेल्या राजाने स्वतः दिलेले आहेत. जे लढले नाहीत पण ज्यांचे आप्त आणि मित्र गेले त्यांचे दुःखही तो मोजतो. श्रमण, ब्राह्मण, गृहस्थ, घरातले नोकर यांचा उल्लेख करतो. जगात किती राजांनी आपल्याच विजयाचा असा हिशोब दगडावर मांडला आहे? आणि ज्या कलिंगात हे घडले, तिथे धौली आणि जौगड येथे हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्या जागी वेगळे लेख आहेत. त्यांत सगळी माणसे आपली लेकरे आहेत असे सम्राट सांगतात आणि न्यायाधिकाऱ्यांना कुणाला विनाकारण कैदेत टाकू नका, कंटाळा आणि घाई करू नका, अशी ताकीद देतात. जखम झालेल्या माणसापुढे जखमेचे वर्णन करू नये एवढी समज त्यात होती असे मला वाटते. काही अभ्यासक याला राजकारण म्हणतात. तेही असेल.

अशोकांना देव्हाऱ्यात बसवायचे काम आपले नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. कलिंग त्यांनी परत केले नाही. त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या जमातींना सौम्य शब्दांत पण स्पष्ट बजावले आहे की सम्राटाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याची ताकद गेलेली नाही. फाशीची शिक्षा चालू राहिली. फक्त शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत मिळू लागली. तो राजा होता, भिक्खू नव्हता. त्याचे चित्र काढताना हा ताण चेहऱ्यावर यायला हवा.

धम्माकडे ते एका रात्रीत वळले नाहीत. सिनेमात रणांगणावर पाऊस पडतो, तलवार गळून पडते आणि माणूस बदलतो. लघुशिलालेखात ते स्वतः सांगतात की उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही. संघाच्या जवळ गेल्यावर जोर आला. देशाच्या सम्राटाने सार्वजनिक जागी, प्रजेला वाचून दाखवण्यासाठी लिहिलेले हे वाक्य आहे. दर रविवारी विहारात यायचे ठरवून तीन रविवार चुकवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना यातून थोडा दिलासा मिळायला हरकत नाही.

या लेखांतून माणसाचे रोजचे जगणेही दिसते. पहिल्या लेखात राजवाड्याच्या स्वयंपाकघराचा हिशोब आहे. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही, आणि पुढे तेही बंद होईल. सम्राटांना मोराचे मांस सोडणे जड जात होते की काय, असे हा लेख वाचताना वाटते. सहाव्या लेखात ते सांगतात की आपण जेवत असू, अंतःपुरात असू, शयनगृहात, वाहनात किंवा बागेत असू, लोकांच्या कामाची बातमी कुठेही आणि केव्हाही आणा. आठव्या लेखात शिकारीच्या सहली बंद करून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगतात. राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी ते संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेले. विसाव्या वर्षी लुंबिनीला गेले, तिथे दगडी स्तंभ उभा केला आणि त्या गावाचा कर कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला. बुद्धांच्या जन्मगावी जाऊन नुसते हात जोडून ते परतले नाहीत. गावकऱ्यांचा सारा हलका केला.

माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्यालगत वड आणि आंबराई, विहिरी. पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार यांना मारू नये अशी यादीच आहे. बाराव्या लेखात स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करताना जीभ आवरा असे सांगितले आहे, आणि ते नुसते सांगणे नव्हते. बराबर टेकडीतल्या गुहा त्यांनी आजीवकांना दिल्या. स्वतः बौद्ध उपासक असलेल्या राजाने दुसऱ्या पंथाच्या साधूंसाठी दगड कोरून घेतला.

आपल्या मातीशी या सम्राटाचे नाते थेट आहे. नालासोपाऱ्याजवळ १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोकलने जाऊन पाहता येतो. शिलालेखांत रठिक, भोज, पेतनिक या लोकांची नावे येतात आणि अभ्यासक त्यांचा संबंध आपल्या भागाशी जोडतात. महावंसानुसार महाधम्मरक्खित थेरांना महारट्ठात आणि योनक धम्मरक्खित थेरांना अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत धाडले गेले. आपल्या लेणी या पेरणीनंतर उगवल्या.

राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षानंतरचा अशोकांचा लेख सापडत नाही. पुढची दहा वर्षे शांत आहेत. इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. शेवटाबद्दल अशोकावदानात एक कथा आहे. म्हातारपणी मंत्र्यांनी त्यांचे दानाचे अधिकार काढून घेतले, आणि शेवटी हातात उरलेला अर्धा आवळाही त्यांनी कुक्कुटाराम विहारातल्या संघाला पाठवला. कथा असेल. पण तळहातावर अर्धा आवळा घेतलेल्या या म्हाताऱ्याचे चित्र आपल्या एकाही फ्लेक्सवर मी पाहिलेले नाही.

मग पहिल्यांदा अशोकांचे रूप कुणी कल्पिले? त्यांना कधी न पाहिलेल्या कारागिरांनी. सांचीच्या महास्तूपाची तोरणे अशोकांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी उभी राहिली. दक्षिण तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव आहे, आणि त्याच तोरणाचे काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याचे तिथे नोंदवलेले आहे. रामग्रामच्या स्तूपाला भेट देणारा राजा आणि बोधिवृक्षापाशी शोकाने कोसळू लागलेला, दोन स्त्रियांनी सावरून धरलेला राजा, ही तिथली दृश्ये अभ्यासक अशोकांची मानतात. लक्षात घ्या, जगातल्या या पहिल्यावहिल्या चित्रांपैकी एकात अशोक कोसळत आहेत. बायका त्यांना धरून आहेत. कारागिराला त्यात कमीपणा वाटला नाही.

पण सांचीत खाली नाव नाही. नाव मिळाले ते कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात, सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळीला. हे गाव भीमा नदीच्या काठावर आहे. कोरेगावच्या विजयस्तंभाजवळून वाहणारी, पंढरपूरला वळसा घालणारी तीच भीमा. सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारातल्या काली मंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले आणि मूर्तीखालचा दगड उघडा पडला. त्यावर धम्मलिपीत अशोकांचे लेख होते. मूर्ती बसवण्यासाठी मधोमध खाच पाडलेली, तरीही बाराव्या आणि चौदाव्या लेखांचा आणि कलिंगच्या त्या दोन वेगळ्या लेखांचा मजकूर ओळखता आला. सगळी माणसे माझी लेकरे, हा संदेश शतकानुशतके एका मूर्तीच्या पायाखाली दबून होता. यावर वेगळे भाष्य नको.

त्यानंतर जवळच्या कनगनहळ्ळीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले आणि एक मोठा स्तूप उघड झाला. त्याच्या शिलापटांपैकी एकावर राजा आणि राणी उभे आहेत, भोवती छत्र आणि चवऱ्या घेतलेल्या दासी आहेत, आणि वर प्राकृतात राजा अशोक असे कोरलेले आहे. भारतात नावासकट सापडलेली अशोकांची ही सर्वांत महत्त्वाची प्रतिमा. ती घडवली गेली तेव्हा अशोकांना जाऊन सुमारे तीनशे वर्षे झाली होती. डोक्याला पागोटे, कानात जड कुंडले, गळ्यात माळा. हा पोशाख सातवाहन काळातला आहे. कारागिराने आपल्या भोवती जसे राजे पाहिले तसाच अशोक काढला. त्याच स्तूपावर काही सातवाहन राजेही नावासकट आहेत. चिलखत नाही, रणांगण नाही. युद्ध करणाऱ्या राजांची तेव्हा वाण नव्हती, पण स्तूपावर जागा मिळाली ती या रूपात. आणि चेहऱ्यावरून कुणी ओळखणार नाही हे त्या कारागिराला पक्के ठाऊक असावे, म्हणूनच त्याने नाव कोरले.

नंतर लोक धम्मलिपी वाचायचेच विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणवला, पण त्यावरची अक्षरे सांगणारा कुणी भेटला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली. लेखांतला पियदसि राजा कोण, हे आधी त्यालाही नीट कळले नव्हते. श्रीलंकेतल्या पाली ग्रंथांवर काम करणाऱ्या जॉर्ज टर्नरने तो अशोक असल्याचे दाखवले. मग १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीला सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याला लेख सापडला, त्यात अशोक हे नावच होते. नाव परत यायला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. चेहरा आलाच नाही.

स्वतंत्र भारताने यातून काढलेली वाट मला आवडते. १९४७ मध्ये ध्वजावर चक्र आले आणि १९५० मध्ये सारनाथचे सिंह राजमुद्रा झाले. राजाचा चेहरा कुठेही नाही, राजाचा विचार आहे. संविधानाच्या मूळ प्रतीसाठी नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शांतिनिकेतनचे कलावंत काम करत होते. त्यांतल्या दीनानाथ भार्गव या तरुणाकडे सिंह काढण्याचे काम आले तेव्हा तो खरे सिंह पाहण्यासाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसत असे. सिंह पाहता येतो. त्याच संविधानाच्या सातव्या भागाच्या आरंभी अशोकांच्या धम्मप्रसाराचे चित्र आहे, आणि ते काढताना कलावंताला पाहायला कुणीच नव्हते. त्यानेही कल्पनाच केली. पण त्याने निवडलेला प्रसंग युद्धाचा नाही.

कल्पनेने चेहरा काढणे म्हणजे मत देणेच असते. बाबासाहेबांना मिटल्या डोळ्यांच्या बुद्धापेक्षा उघड्या डोळ्यांचे, जगाकडे पाहणारे बुद्ध हवे होते, आणि त्यांनी हातात ब्रश घेऊन तसे चित्र काढले. तथागतांचा चेहराही कुणी पाहिलेला नव्हता. तरी ते चित्र खोटे ठरत नाही, कारण ते धम्माच्या वाचनातून आलेले आहे.

आपल्यात चित्रकलेचे शिक्षण घेणारी, फ्लेक्सचे डिझाइन करणारी, भिंती रंगवणारी पोरेपोरी आता खूप आहेत. गावोगावी धम्मलिपीचे वर्ग भरतात. या दोघांची गाठ पडली तर किती विषय हाती लागतील. जेवता जेवता उठून गाऱ्हाणे ऐकणारा राजा. लुंबिनीच्या गावकऱ्यांचा कर कमी करणारा राजा. वर्षभर काहीच केले नाही असे कबूल करणारा उपासक. आणि त्याची राणी. सिनेमाने कारुवाकीला कलिंगची तलवारबाज राजकन्या केले. प्रयागच्या स्तंभावरचा छोटा लेख सांगतो की ती दुसरी राणी, तीवराची आई, आणि आंबराया, बागा, दानगृहे असे जे काही तिने दान दिले असेल ते तिच्याच नावाने नोंदवले जावे, असा सम्राटाचा हुकूम आहे. कनगनहळ्ळीच्या शिलापटावर अशोकांच्या शेजारी उभी असलेली राणी कोणती, ते तिथे कोरलेले नाही.